पोच्याची खळी

तीन फेजची वीज घ्यायची म्हणून वायरमन आला, तेव्हा त्यानं आधी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "गिरणी टाकताय का वैनी?"

"नाही, भट्टी."

त्याचा आवाज एकदम खाली आला. "कसली?"

साताऱ्यात भट्टी म्हटलं की माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक चुरमुऱ्यांची, आणि दुसरीचं नाव तो ओट्यावर सासूबाई बसलेल्या असताना घेत नाही. मातीची भांडी भाजायला, असं मी सांगितल्यावर तो जरा हिरमुसलाच. "मग त्याला वीज कशाला? आमच्या शेजारचा कुंभार गोवऱ्यांवर भाजतो की."

बरोबर होतं त्याचं. गोवऱ्या आणि पालापाचोळ्याच्या आव्यात सातशे ते नऊशे अंशांत माठ भाजून निघतो. तो थोडा पाझरतो आणि पाझरतो म्हणूनच पाणी गार ठेवतो. मला करायची होती स्टोनवेअरची भांडी. ती पाझरू नयेत म्हणून भट्टी १२२० अंशांपर्यंत न्यायची, त्याला नऊ-दहा तास, आणि मग ती निवेपर्यंत एक अख्खा दिवस झाकण उघडायचं नाही. म्हणजे माठ जे काम फुकटात करतो, ते होऊ नये म्हणून मी दर महिन्याला बिल भरणार होते. हे मी वायरमनला सांगितलं नाही. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली, कारण तेव्हा मला फक्त भांडी करता येत नव्हती. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध बसवायचा, एवढं साधं काम. पण तो गोळा माझ्या हाताखाली असा उसळायचा, जसं काही अंघोळीला धरलेलं मांजर. मग एक दिवस तो बसला. भिंती वर चढल्या आणि एक मग तयार झाला. तोच वाळून, भाजून निघेपर्यंत १२ टक्क्यांनी आकसला आणि कप झाला. पण झाला. त्या आनंदात मी त्यातून सासूबाईंना चहा दिला. त्या म्हणाल्या, "अगं, चांगलाय. फक्त उरलेला चहा कुठंय?"

खरी पीडा पुढे सुरू झाली. पुण्यातल्या एका गॅलरीवाल्यांना मी माझे बारा नग नेऊन दाखवले. त्यांनी एकेक उचलला, बूड पाहिलं, खाली ठेवला. मग चष्मा काढून म्हणाले, "काम स्वच्छ आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

मी म्हटलं, "ही काय, इथंच."

त्यांना ते उत्तर नको होतं. त्यांना शैली हवी होती. दुरून पाहताच 'हे अमुकचं' असं कळलं पाहिजे, म्हणाले. येताना एसटीत मी तो विचार करत बसले. मला दुरून पाहून ओळखणारा एकच माणूस, आमचा दूधवाला, आणि तो मला नाही, थकलेल्या बिलाला ओळखतो.

शैली शोधायची तर आधी थोरामोठ्यांची पाहावी. म्हणून बर्नार्ड लीचचं १९४० सालचं कुंभारकामावरचं पुस्तक मिळवलं. या इंग्रज गृहस्थानं १९२० साली शोजी हामादा या जपानी मित्राला बरोबर घेऊन इंग्लंडच्या एका टोकाला, सेंट आइव्ह्‌ज गावी, भट्टी उभी केली. रोजच्या वापरातलं, साधं, भक्कम भांडं हेच खरं सुंदर, असं त्या मंडळींचं मत. मलाही ते एकदम पटलं. पुढचं दीड वर्ष माझ्या घरातून तपकिरीखेरीज दुसऱ्या रंगाचं काही बाहेर पडलं नाही. माझे मग इतके भक्कम झाले की चहा भरल्यावर दोन हातांनीच उचलावे लागायचे, त्यामुळे पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर जपानी चहाविधीतलं गांभीर्य आपसूक यायचं. माझ्या त्या काळातला एक वाडगा अजून वापरात आहे. मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आम्ही तो लावतो.

हामादा जपानला परतल्यावर माशिको या कुंभारांच्या गावी राहिला आणि आपल्या भांड्यांवर सही करायचा नाही. मी लगेच सही करणं थांबवलं. दोन महिन्यांनी लक्षात आलं की हामादानं सही केली नाही तरी जगाला कळायचं, ही हामादाची. मी सही केली तरी लोक विचारतात, हे खुर्ज्याच्या कारखान्यांतून आणता का.

नंतर माझा ल्यूसी री काळ आला. ही बाई १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून लंडनला आली. युद्धाच्या दिवसांत पोट भरायला तिनं चिनी मातीची बटणं केली. तिची भांडी अंड्याच्या कवचासारखी नाजूक, लहानशा बुडावर तोलून उभी. लीचबुवांना ती आधी फार पटली नव्हती, त्यांना भांडं कसं अंगानं भरलेलं लागे. तिनं थोडे दिवस त्यांचं ऐकून पाहिलं आणि मग मुकाट्यानं आपलं नाजूकच केलं. मला हे फार आवडलं. मीही नाजूक करायला घेतलं. भिंत पातळ ओढत ओढत नेली आणि सगळं भांडं चाकावर डुलकी लागल्यासारखं हळूच बसलं. दिवसाला दहा बसायची. शेवटी मी बाईंची बटणंच तेवढी जमवली. ती नणंदेच्या कुर्त्याला लावली आणि पहिल्याच धुण्यात वॉशिंग मशीननं त्यांची पुन्हा माती केली.

तिसरा जॉर्ज ओर. अमेरिकेतल्या बिलॉक्सी गावचा हा अवलिया, स्वतःला जगातला सर्वांत थोर कुंभार म्हणवून घ्यायचा. मिशा इतक्या लांब की चाकावर काम करताना त्यांचं काय करायचा कोण जाणे. कागदासारखं पातळ भांडं ओढायचा आणि मग मुद्दाम चुरगळायचा, पिळायचा, दाबायचा. कोणी फारसं घ्यायचं नाही. १९१८ साली तो गेला, आणि हजारो भांडी पोरांच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात पन्नासेक वर्षं खोक्यांत पडून राहिली. मग एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याची नजर त्यांच्यावर गेली. आता त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. ही गोष्ट मी नवऱ्याला मोठ्या उमेदीनं सांगितली. त्यानं आमच्या माळ्याकडे पाहिलं. माळ्यावर माझी तेव्हा चारेकशे भांडी होती. म्हणाला, "म्हणजे अजून बराच वेळ आहे."

आता मुख्य गोष्ट. या तिन्ही काळांत माझ्या प्रत्येक भांड्यात एक दोष होता. ओलं भांडं चाकावरून उचलताना खाली दोरा फिरवून ते सोडवायचं, हात पाण्यात बुडवायचे, दोन्ही तळव्यांत अलगद धरून फळीवर ठेवायचं. यात माझा उजवा अंगठा नको तेवढा जोर लावतो. लहानपणी झोपाळ्याच्या कडीत सापडला होता, तेव्हापासून तो थोडा हेकट आहे. त्यामुळे पोटाशी, एका बाजूला, सुपारीएवढा दबलेला भाग राहतो. मी तो दुसऱ्या दिवशी, भांडं थोडं आवळलं की आतून बोट घालून सारखा करायची. दिसेनासा व्हायचा. भट्टीतून बाहेर आलं की पुन्हा तिथंच.

माती विसरत नाही, असं या धंद्यातले लोक म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे. ओली असताना तिला जे वाकवलं, दाबलं, ते वरवर सरळ केलं तरी भाजताना ती पुन्हा तिकडे झुकते. आमच्या घराण्यात अशी स्मरणशक्ती फक्त आत्याबाईंना आहे. त्याही लग्नातला मानपान असाच जपून ठेवतात आणि वातावरण तापलं की बाहेर काढतात.

एकदा माझा मग घेऊन मी आमच्या कुंभारमामांकडे गेले. मामा बाजाराच्या दिवशी माठ मांडून बसतात. त्यांच्याकडची एक गंमत मला आधीपासून माहीत होती. समोरच्या दुकानातला माठ ते इकडूनच सांगतात, "त्यो मेव्हण्याचा. गळ्याशी दाबतोय जरा. आन्‌ त्यो पलीकडचा म्हातारीच्या हातचा, तिची थापी बुडाला कमी बसती." सगळे माठ मला एकसारखे दिसत होते. शैली म्हणजे काय हे मामांना कोणी विचारलं नसेल, आणि त्या मेव्हण्याला तर शैली आहे हे कळल्यावर तो घाबरेल. मी विचारलं, "मामा, माझं ओळखाल का?" त्यांनी मग हातात घेतला. पाहिलासुद्धा नाही, नजर गिऱ्हाइकावरच होती. बोटानं एक फेरा मारला आणि म्हणाले, "अंधारात वळखीन. हितं पोचा हाय."

मी आठवडाभर चाकाकडे फिरकले नाही.

तेवढ्यात पुण्यात तीन दिवसांच्या एका प्रदर्शनात टेबल मिळालं. त्यासाठी आधी आर्टिस्ट स्टेटमेंट द्यायचं होतं, दीडशे शब्द. तुमच्या कलेमागची भूमिका. मी दोन रात्री जागून लिहिलं की माझं काम हा माती आणि मी यांच्यातला अखंड संवाद आहे. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. विचारलं, "मग माती काय म्हणाली?"

"आई, ते तसं नसतं."

"नाही, संवाद म्हणालीस म्हणून विचारलं."

प्रदर्शनातली गिऱ्हाइकं हा मोठाच विषय आहे. पहिला प्रश्न, हे मायक्रोवेव्हमध्ये चालतं का? दुसरा, हे एवढं महाग का? मगाची किंमत साडेसहाशे होती. एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे चहापत्तीच्या पुड्याबरोबर मग फुकट येतो. ते बायकोला म्हणाले खरं, पण मला ऐकू यावं म्हणून म्हणाले. तिसरा प्रश्न विचारणारे थोडे शिकलेले असतात. ते म्हणतात, हे तुम्ही स्वतः करता? हो म्हटलं की लगेच, मग शिकवता का? म्हणजे मग नको आहे, पण स्वतः करून साडेसहाशे वाचवायचे आहेत. मी त्यांना माझं विजेचं बिल दाखवते.

आणि टिचकी. मराठी माणूस मातीच्या भांड्याला टिचकी मारल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. माठ घेताना टिचकी मारतात ती योग्यच. खणखणला तर भाजलाय, बद्द वाजला तर तडा आहे किंवा कच्चा आहे. पण लोक माझ्या फुलदाणीला मारतात, भिंतीवरच्या पॅनेलला मारतात. एका मुलीनं शेजारच्या टेबलावरच्या ब्राँझच्या मूर्तीलाही मारली. हे आपल्या रक्तात तेरच्या गोरोबाकाकांपासून आलं असावं. मुक्ताबाईनं म्हटलं, यांतलं कच्चं कोण, पक्कं कोण ते सांगा. काकांनी थापटणं उचललं आणि जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक टोला मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे ओरडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी गोरोबांच्या बाजूची होते. तीन दिवस टेबलामागे बसल्यावर मी कायमची नामदेवांच्या बाजूला गेले. माणसाला न विचारता डोक्यात टोला मारायचा आणि त्यानं 'आई गं' म्हणायचं नाही, ही कुठली परीक्षा?

दुसऱ्या दिवसअखेर मी सात नग विकले होते. त्यांतले चार नातलगांनी घेतले, आणि त्या चारांतले दोन मी सूट देऊन. नवऱ्यानं फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, प्रतिसाद चांगला आहे. हे वाक्य कलाकार कधी वापरतात हे त्याला ठाऊक आहे. तो म्हणाला, "जेवलीस का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी, पंख्याशिवाय दुसरी हालचाल नसताना, एक आजोबा आले. मागे सून. आजोबांचे हात थरथरत होते, थोडे नाही, चांगले. त्यांनी मग उचलला तेव्हा माझा जीव वर गेला. टिचकी मारली नाही त्यांनी. उजव्या हातानं कान धरला, डाव्यानं पोट सावरलं, आणि डावा अंगठा फिरत फिरत त्या पोच्यात जाऊन बसला. तिथंच थांबला. हात थरथरत होताच, पण मग आता हातातून सरकत नव्हता. त्यांनी रिकाम्या मगातून एक घोट घेऊन पाहिला. मग सुनेकडे वळून म्हणाले, "अंगठ्याला जागा ठेवलीय बघ. बाळाच्या गालावर खळी असते तशी."

सून मला म्हणाली, "किती विचार करून केलंय हो तुम्ही."

माझ्या तोंडावर आलं होतं की नाही, झोपाळ्याची कडी होती. पण मी म्हटलं, "हो."

त्यांनी सहा नेले. सूट मागितली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत फोन यायला लागले. "तुमच्याकडे ते खळीचे मग मिळतात ना?" एकीच्या आईचे सांधे धरलेले, एकीच्या नवऱ्याला थंडीत मग दोन्ही हातांत घेऊन बसायची सवय. एका बाईनं तर सांगितलं, खळीत अंगठा ठेवून फोनवर बोललं की मी माणसांवर कमी चिडते. त्यांच्या घरची माणसं मला अजून भेटलेली नाहीत, पण त्यांनी आणखी दोन मग मागवले. ज्या गॅलरीवाल्यांना मी मगात सापडत नव्हते, त्यांचाही फोन आला. म्हणाले, "आता तुमची भाषा सापडली." सापडली नव्हती, ती पहिल्यापासून पोटाशी होती आणि मी आतून बोट घालघालून ती बुजवत होते. मी त्यांना धन्यवाद दिले. बारा नग पाठवले.

तोच पोचा. मामांनी म्हटलं तेव्हा मी आठवडाभर रुसले, आणि आजोबांनी खळी म्हटल्यावर किंमत साडेसातशे केली.

आता अडचण अशी झाली की या दहा-अकरा वर्षांत माझा हात सुधारला होता. भांडं मी अलगद उचलायला शिकले होते. ऑर्डर साठ मगांची, आणि खळी चारांतल्या एकाला पडेना. मग मुद्दाम पाडायला गेले. अंगठ्यानं दाबून पाहिलं, चमच्याच्या पाठीनं, लिंबानं, सासूबाईंच्या चंदनाच्या खोडानं. प्रत्येक मग रिक्षा घासून गेल्यासारखा दिसायचा. मुद्दाम पाडलेली खळी कशी दिसते ते लग्नाच्या अल्बममध्ये पाहावं. त्या ओरबद्दल मला तेव्हा खरा आदर वाटला. मुद्दाम चुरगळून ते चुरगळल्यासारखं न दिसणं, याला मिशा तेवढ्या लांब लागत असतील.

मी टिपणं काढायला सुरुवात केली. खळी कधी पडते? माती ऐन ओली असताना. पहाटे नाही. घर शांत असताना नाही. ती पडते मग उचलता उचलता माझं लक्ष दुसरीकडे गेलं की. कुकरची शिट्टी झाली, भंगारवाला ओरडला, फोन वाजला, की अंगठा आपोआप आवळतो. शेवटी नवऱ्याला सांगून ठेवलं, रोज अकरा ते बारा या वेळात मधूनमधून फोन करत जा. तो बँकेत आहे. तिथल्या लोकांना वाटतं, लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी काय प्रेम आहे. मी फोन उचलत नाही, हे त्यांना माहीत नाही.

भाचा म्हणतो, याचं रील कर, कलाकाराची प्रक्रिया लोकांना बघायला आवडते. मी कॅमेरा लावून बसले. कॅमेरा पाहिला की अंगठा शहाण्यासारखा वागतो.

परवा संध्याकाळी नणंद आली होती, म्हणून सासूबाईंनी खिचडी टाकायला घेतली. आमच्याकडे तांदूळ मोजायला पितळी वाटी आहे, ती सासूबाईंच्या सासूबाईंची. त्या वाटीला घरात कोणी दुसरं काम दिलेलं मी पाहिलेलं नाही. परवा ती मांडणीवरच होती. सासूबाईंनी माझा एक मग घेतला, काठाला बारीक पापुद्रा निघालेला, विक्रीतून बाद झालेला, आणि डब्यात बुडवला.

"आई, वाटी नाही घेतली?"

"हा बरा आहे," त्या म्हणाल्या. बोटानं वरचे दाणे सारखे केले. "खळीपर्यंत भरला की दोघींना पुरतो. आज तिघी आहोत, म्हणून काठापर्यंत."

नणंदेनं विचारलं, "आणि पाणी?"

"डाळ-तांदूळ मिळून जेवढं, त्याच्या तिप्पट. आसट हवी असेल तर वर आणखी एक खळी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या भट्टीत मला एक मोठा कर. आणि खळी जरा वर पाड, ही दोघींच्या बेतानं पडलीय."

मी म्हटलं, बघते. अकराला फोन आला तर.